हिमबिबट्याचे डोळे

आमच्या घरात कातडं आणि डोळे यांची वाटणी फार पूर्वीच झाली. बाबा दोन्ही करायचे. मेलेल्या प्राण्याचं कातडं कमावून त्यात पेंढा भरायचे आणि काचेचे डोळेही स्वतःच करून बसवायचे. त्यांच्यामागे कातडं माझ्याकडे आलं आणि डोळे दादाकडे गेले. मला संग्रहालयात नोकरी लागली. दादाने घराच्या मागच्या खोलीत बर्नर आणि काचेच्या नळ्या मांडल्या आणि तिथेच बसला. संग्रहालयाच्या प्राण्यांचे डोळे तो करायचाच, पण त्याचं मुख्य काम माणसांचं होतं. अपघातात, आजारात डोळा गेलेली माणसं डोळ्यांच्या हॉस्पिटलमधून त्याच्याकडे यायची आणि तो त्यांना उरलेल्या डोळ्याचा जोडीदार करून द्यायचा. लोक जमिनीच्या तुकड्यावरून सख्ख्या भावाला कोर्टात खेचतात. आम्ही आयुष्यभर एकमेकांच्या कामात नाक खुपसलं नाही, आणि याचा मला उगाचच अभिमान होता.

बाबांनी दोन नियम घालून दिले होते. पहिला कार्डाचा. डोळे हवे असले की कातडंवाल्याने जाड कार्डावर डोळा काढायचा, अगदी खऱ्या मापाचा. बुबुळाचा रंग, बाहुलीचा आकार, दोन डोळ्यांतलं अंतर, आणि खाली स्वतःची सही. तोंडी सांगितलेलं चालणार नाही. काम झालं की ते कार्ड डोळेवाल्याकडे राहणार. दुसरा नियम नजरभेटीचा. डोळे पक्के चिकटवण्याआधी दोघांनी प्राण्यासमोर गुडघ्यावर बसायचं, त्याच्या उंचीवर यायचं आणि काही न बोलता त्याच्याकडे बघायचं. बाबा म्हणायचे, तो तुमच्याकडे बघतोय असं दोघांनाही वाटलं तरच डिंक लावा. डिंकाची जागा पुढे दुसऱ्या रसायनांनी घेतली, पण आम्ही चौतीस वर्षं नजरभेट चुकवली नव्हती. चुकवली ती एकदाच, आणि ती मी.

संग्रहालयाला त्या वर्षी मोठ्या मांजरांचं दालन करायचं होतं. दालनाचं नाव 'एक कूळ, सहा घरं'. हे नाव मी सुचवलं होतं आणि भेटेल त्याला ते सांगत सुटलो होतो. कोटभर वर्षांपूर्वी एक पूर्वज होता, त्याची लेकरं वेगळी झाली, आणि ज्याला जे घर मिळालं त्याने ते अंगाला लावून घेतलं. वाघाने उंच गवत घेतलं आणि गवताच्या सावल्यांचे पट्टे अंगावर घातले. सिंह उघड्या माळावर गेला. तिथे लपायला जागा नाही, म्हणून एकट्याने जगायचं सोडून गोतावळा केला. जॅग्वार पाण्याकाठी राहिला आणि कासवाची पाठ फोडेल असा जबडा कमावला. बिबट्याने कुठलंच घर धरलं नाही, मिळेल तिथे राहिला, मिळेल ते खाल्लं, आणि म्हणूनच सगळ्यांत जास्त ठिकाणी टिकला. आमच्या एका आत्याचा नवरा असाच होता. चित्ता खरं तर चुलत घरातला. त्याने सगळा जीव धावण्यावर लावला. धावताना पकड राहावी म्हणून त्याच्या नख्या कायम थोड्या बाहेर असतात, बाकीच्यांसारख्या पुरत्या आत जात नाहीत. आणि हिमबिबट्या, वाघाचा सगळ्यांत जवळचा भाऊ, उंच बर्फात जाऊन बसला, जिथे दुसरं कोणी यायला तयार नव्हतं.

बाकीचे पाच जुनेच होते, बाबांच्या हातचे. मी फक्त त्यांची डागडुजी केली. हिमबिबट्या मात्र नवा, पूर्णपणे माझा. एका प्राणिसंग्रहालयात म्हातारा होऊन मेला आणि गोठवलेल्या पेटीतून माझ्या टेबलावर आला. अकरा महिने मी त्याच्यावर घालवले. नुसत्या शेपटीला तीन आठवडे लागले. अंगाएवढी लांब आणि दंडाएवढी जाड शेपटी, कड्यावर तोल सांभाळायला, आणि झोपताना नाकातोंडावर ओढून घ्यायला. पंज्यांच्या तळव्यांनाही केस असतात, ते मी एकेक करून नीट केले. नाकाची पोकळी मोठी असते, थंड हवा आत जाताना गरम व्हावी म्हणून. तोही फुगवटा मी बरोबर धरला. काम इतकं छान झालं होतं की मी संध्याकाळी दिवा बंद करताना त्याला "येतो रे" म्हणायचो.

उरले डोळे. मेलेल्याचे डोळे काही तासांत पांढुरके होतात, त्यात बघण्यासारखं काही नव्हतं. जिवंत हिमबिबट्या मी जन्मात पाहिलेला नाही. संचालकांनी मला फोटोंचं एक जाड पाकीट दिलं होतं. ते मी उघडलंसुद्धा नाही. फोटो बघून काम करायचं असेल तर चौतीस वर्षं काय फुकट घालवली का, असं काहीतरी मी बोललो होतो. आमच्या घरातलं मांजर मी कधी कधी कार्यशाळेत नेत असे. ते दुपारी खिडकीतल्या उन्हात बसलेलं असायचं. उन्हात त्याच्या बाहुलीची उभी बारीक रेघ झालेली असायची. मी तीच रेघ कार्डावर काढली, राखाडी हिरवा रंग लिहिला, सही ठोकली आणि कार्ड दादाकडे पाठवलं.

दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. म्हणाला, बाहुली उभी काढली आहेस, पण बाबांनी वाघाला गोल केली होती, सिंहालाही गोलच. एकदा बघून घे.

आता बघून घ्यायला काय झालं होतं? पाकीट हाताच्या अंतरावर होतं. पण मी तोंड उघडलं आणि उत्तर आपोआप येत गेलं. बर्फावर ऊन किती तळपतं, तिथे गोल बाहुली घेऊन गेला तर आंधळा होईल, म्हणून निसर्गाने त्याला उभी फट दिली, दार किलकिलं करावं तशी. मला स्वतःलाच ते इतकं पटलं की मी त्याला आणखी दोन वाक्यं जोडली. दादा ऐकत होता. मग म्हणाला, "असेल. पण मला तसं वाटत नाही."

"तू डोळे कर, मांजर मी बघतो," असं म्हणून मी फोन ठेवला.

उद्घाटनाच्या दोन दिवस आधी तो डोळे घेऊन आला. कापसात ठेवलेली जोडी, नेहमीसारखी निर्दोष. बुबुळात बारीक बारीक रेषा, कडेला जराशी काळपट छटा, आणि मधोमध मी मागितलेली ती रेघ. मी रंगाऱ्यांवर ओरडण्यात गुंतलो होतो. टेबलावर ठेव, म्हणालो. तो गेला नाही. कोपऱ्यातल्या स्टुलावर अर्धा तास बसून राहिला. मग म्हणाला, खाली बसून बघूया का? मी वेळ नाही म्हणालो. तो उठला, बर्फाच्या खोट्या खडकावरून एकदा हात फिरवला आणि गेला. मी त्याच रात्री डोळे चिकटवून टाकले.

उद्घाटनाला एक संशोधक बाई आली होती. वीस वर्षं तिने बर्फाळ डोंगरांत तंबू ठोकून याच जनावराच्या मागे काढली होती. वाऱ्याने तिच्या गालांची कातडी चामड्यासारखी झाली होती, आणि चामड्याच्या बाबतीत मला कळतं. मी तिच्या मागेमागे फिरत होतो, शाबासकीची वाट बघत. शेपटीपाशी ती थांबली, हसली. पंज्यांपाशी वाकून बघितलं आणि मान डोलावली. मग ती सरळ गुडघ्यावर बसली, बाबा बसायचे तशी, आणि त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. उठली तेव्हा हसू गेलेलं होतं.

ती काही मोठ्याने बोलली नाही. संचालकांना म्हणाली की बाकी काम उत्तम आहे, पण हे डोळे घरातल्या मांजराचे आहेत. छोटं मांजर जमिनीलगत दबा धरतं, उडी किती लांब मारायची हे मोजायला त्याला उभी बाहुली उपयोगी पडते. मोठी मांजरं उंच असतात, त्यांना ती गरज उरली नाही. वाघ असो, सिंह असो की हा, बाहुली गोलच. बर्फाचा, उन्हाचा काही संबंध नाही. ती हे सांगत होती आणि मला माझी किलकिल्या दाराची गोष्ट आठवत होती.

संचालक माझ्याकडे वळले. सोबत विश्वस्त होते, वर्तमानपत्रांचे दोघे होते, आणि दाराजवळ दादा आणि वहिनी उभे होते. दादाने इस्त्रीचा शर्ट घातला होता. संचालकांनी विचारलं, हे कसं झालं?

एक क्षण होता. "माझी चूक" म्हणायला तेवढा पुरेसा होता. पण मी म्हणालो, "डोळे माझ्याकडे तयार येतात. माझे मोठे भाऊ करतात." एवढ्यावर थांबलो असतो तरी एक वेळ चाललं असतं. मी थांबलो नाही. "आता वय झालंय त्यांचं. नीट दिसत नाही त्यांना."

सगळ्यांनी दाराकडे बघितलं. मीही बघितलं, कारण न बघणं वाईट दिसलं असतं. दादाने माझ्याकडे बघितलं, मग त्या हिमबिबट्याकडे. वहिनी काहीतरी बोलायला पुढे झाली, तर त्याने तिचा हात धरला.

"हो," तो म्हणाला. "चूक झाली."

मला बरं वाटलं. हे लिहायला नको, पण खरं आहे. त्या क्षणी मला सुटल्यासारखं वाटलं. लाज नंतर आली, ती मग गेलीच नाही.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात चौकट आली. वाघाच्या भावाला मांजराचे डोळे, असा मथळा, आणि खाली गमतीगमतीत लिहिलं होतं की डोळे करणाऱ्यालाच डोळे हवे आहेत. ज्याने लिहिलं त्याला फार हसू आलं असणार. संग्रहालयाने परदेशी कॅटलॉगमधून गोल बाहुलीची जोडी मागवली आणि मी ती बसवली. कुणाला फरक कळला नाही. आठ दिवसांनी हॉस्पिटलने दादाला कळवलं की आता तुम्ही विश्रांती घ्यावी, पुढचे डोळे आम्ही बाहेरून तयार मागवू. प्राण्याच्या डोळ्यात एवढी चूक करणाऱ्याकडे माणसं कशी पाठवायची, असं तिथले कोणी म्हणाले म्हणे. तेवीस वर्षांचं काम एका चौकटीत गेलं.

मला हे बायकोकडून कळलं, तिला वहिनीकडून. मी ताटावर बसलो होतो. हॉस्पिटलवाले मूर्ख आहेत, मी म्हणालो. बायकोने वाढणं थांबवलं.

"कार्ड कुणी काढलं होतं?" तिने विचारलं.

"आता ते उकरून काय मिळणार?"

"म्हणजे तुम्हीच."

त्या दिवसापासून मांजर मी न्यायला उचललं की ती येऊन माझ्या हातातून काढून घ्यायची आणि आत घेऊन जायची. तीन महिने मी मांजराशिवाय कामावर जात होतो. ऐकणाऱ्याला हसू येईल. मला यायचं नाही.

त्या तीन महिन्यांत दादाचा एकदाही फोन आला नाही, आणि मीही केला नाही. दिवसा मी स्वतःला समजावायचो की त्यानेच 'हो' म्हटलं, मी काही त्याच्या तोंडात शब्द कोंबले नव्हते. आता त्याचं वयही झालं आहे, आज ना उद्या काम सोडायचंच होतं. अशा समजुती फार लवकर उगवतात, खत घालावं लागत नाही. पण एक गोष्ट डोक्यातून जाईना. कार्ड. नियमाप्रमाणे ते दादाकडे होतं, माझ्या रेघेसकट, माझ्या सहीसकट. त्याने ते अजून कुणाला दाखवलं नव्हतं. उद्या दाखवलं तर?

म्हणून मी त्याच्याकडे गेलो. विचारपूस करायला नाही, माफी मागायला तर नाहीच. कार्ड आहे की फेकून दिलं, ते बघायला गेलो. सोबत फळं नेली.

वहिनीने दार उघडलं. "या भाऊजी," म्हणाली, "दिसलात बऱ्याच दिवसांनी." पाणी आणून दिलं ते पाहुण्याला देतात तसं, बशीवर पेला ठेवून. या घरात मी माठातून स्वतः पाणी घेऊन प्यायचो. मग दादा बसला होता त्या पलंगाच्या कडेला ती उशीचा अभ्रा शिवत बसली. दोरा संपला तसं तिने सुई आणि दोरा उचलून दादापुढे धरला, त्याने चष्म्याशिवाय एका फटक्यात ओवून दिला, आणि तिने तो घेताना माझ्याकडे बघितलं. मी खिडकीबाहेर बघायला लागलो.

मग आम्ही तिघं मागच्या खोलीत गेलो. तिथे बर्नरवर जुनी चादर टाकलेली होती. काचेच्या नळ्या रंगाप्रमाणे लावून ठेवलेल्या, त्यांच्यावर धूळ. मी हवापाण्याचं बोललो. संग्रहालयात आता एक गेंडा येणार आहे म्हणालो. गेंड्याचे डोळे किती लहान असतात, यावर मी निदान पाच मिनिटं काढली असतील. दादा ऐकत होता. मग त्याने फळीवरचा पत्र्याचा डबा खाली काढला. त्यात बाबांच्या वेळेपासूनची कार्डं होती, घुबडं, हरणं, मासे, आणि मागच्या कप्प्यात माणसं. त्याने न शोधता एक कार्ड काढलं आणि माझ्यासमोर ठेवलं.

"हेच बघायला आलास ना? घेऊन जा."

माझे कान तापले. नाही म्हणायला हवं होतं. तूच ठेव, नियम आहे, असं काहीतरी म्हणायला हवं होतं. निदान आता तरी, वहिनीच्या देखत. मी कार्ड उचललं आणि शर्टाच्या खिशात घातलं. दादाने डबा बंद केला आणि परत फळीवर ठेवला. चहा घेऊन जा, म्हणाला. मी चहासुद्धा घेतला.

कार्ड मी अकरा दिवस खिशात बाळगलं. शर्ट बदलला की दुसऱ्या खिशात. फाडावं असं रोज ठरवायचो आणि त्यावर दोन बोटं ठेवून बसायचो. आता कुणीच काही सिद्ध करू शकत नव्हतं, आणि नेमकी त्याच दिवसांत माझी झोप उडाली.

अकराव्या दिवशी कार्यशाळेत एक बाई आली. कपडे शिवायचं काम करते, म्हणाली. पन्नाशीची, ठेंगणी, खांद्यावर मोजपट्टी तशीच राहिलेली. सतरा वर्षांपूर्वी तिचा डोळा गेला होता आणि दादाने तिला डोळा करून दिला होता. दर काही वर्षांनी तो नवा करावा लागतो. या वेळी हॉस्पिटलने तिला तयार डोळ्यांचा डबा दाखवला आणि त्यातला एक निवडायला सांगितला. एकही तिच्या डोळ्यासारखा नव्हता. दादाकडे जाऊ का विचारलं, तर म्हणाले त्यांना दिसत नाही.

"तुमच्यापाशी आले कारण ते तुम्हीच सांगितलंत म्हणे," ती म्हणाली. "सख्खे भाऊ आहात. खरंच दिसत नाही का त्यांना? नसेल दिसत तर मी त्यांना त्रास देणार नाही. डब्यातला घेते."

मी उत्तर द्यायच्या आधी तिच्या चेहऱ्याकडे बघितलं. चौतीस वर्षं मी मेलेल्या तोंडांत काचेचे डोळे बसवतो आहे. काच मला दहा पावलांवरून ओळखू येते. तिचा एक डोळा काचेचा आहे हे मला माहीत होतं, आणि मला कुठला ते कळेना. डावा बघितला, उजवा बघितला, पुन्हा डावा बघितला. दोन्ही डोळे थोडे थकलेले, दोन्हींच्या पांढऱ्यात शिवणाऱ्या बायकांच्या डोळ्यांत असतात तशा बारीक लाल रेषा. दादाने तिच्या थकव्याचीसुद्धा जोडी करून दिली होती.

"कुठला?" मी विचारलं. विचारायला नको होतं, पण तोंडून गेलं.

"ओळखू येत नाही ना?" ती म्हणाली, आणि जरा खूश झाली. "आरशात मीच कधी कधी चुकते."

मी खाली बसलो. खिशातून कार्ड काढलं आणि तिला सगळं सांगितलं. पाकीट उघडलं नाही ते, मांजराची रेघ ते, फोन ठेवला ते, दाराजवळचा इस्त्रीचा शर्ट. दादाला माझ्यापेक्षा चांगलं दिसतं, म्हणालो. मी खोटं बोललो.

तिने सगळं ऐकून घेतलं. मोजपट्टी खांद्यावरून काढून बोटांना गुंडाळली.

"हे मला सांगून काय उपयोग?" ती म्हणाली. "मी काय हॉस्पिटल आहे?"

ती गेल्यावर मी तडक संचालकांकडे गेलो. कार्ड त्यांच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी ते बघितलं, माझ्याकडे बघितलं, दार लावून घेतलं. म्हणाले, ते प्रकरण मिटलं आहे, डोळे बदलले आहेत, आता संग्रहालयाची शोभा कशाला करायची? मी म्हणालो, शोभा माझी होऊ दे, मला एक पाटी लावायची आहे. ते नाही म्हणाले. मी त्या संशोधक बाईला फोन केला. तिला सगळं सांगताना माझी जीभ पुन्हा पुन्हा अडखळली, पण किलकिल्या दाराची गोष्ट सांगितल्यावर ती एकदम हसली. म्हणाली, असल्या गोष्टी आम्ही अभ्यासकही रचतो, जनावर समोर नसलं की फार पटकन सुचतात. लावा पाटी, आणि दोन्ही जोड्या शेजारी शेजारी ठेवा. बाई म्हणतात म्हटल्यावर संचालकांचा नाइलाज झाला. हॉस्पिटलला पत्रही गेलं. हॉस्पिटलने उत्तर पाठवलं की माहितीबद्दल आभारी आहोत, विचार करू. अजून विचार चालू आहे. कपडे शिवणारी बाई मात्र त्याच आठवड्यात परस्पर दादाच्या घरी गेली, आणि तिच्यामागून आणखी दोघं. तेवढ्यांसाठी तो चादर काढतो. बाकीचे डब्यातला घेतात.

पाटी मी स्वतः लिहिली. हिमबिबट्याच्या काचेच्या आत खालच्या अंगाला दोन्ही जोड्या, मध्ये माझं कार्ड, आणि त्याच्याशेजारी नऊ ओळी. लागली त्या दिवशी मी दादाला फोन केला. एवढंच म्हणालो की ये. तो रविवारी आला, वहिनीला घेऊन. तोच इस्त्रीचा शर्ट होता. दालनात गर्दी होती, एक मोठं कुटुंब, दोनतीन म्हाताऱ्या बायका, काचेला नाक लावून उभी असलेली माणसं. दादा काचेपासून सहा पावलांवर थांबला.

मी म्हणालो, पाटी वाच.

"मला कुठे दिसतंय," दादा म्हणाला. चेहरा अगदी साधा. "तुला तर माहीतच आहे. तूच वाचून दाखव."

वहिनीने पदर तोंडाला लावला. मी काचेजवळ गेलो आणि वाचायला लागलो. मागच्यांना ऐकू जात नाही, दादा म्हणाला. मी आवाज चढवला. गर्दी वळून बघायला लागली. मोठ्या मांजरांची बाहुली गोल असते. या हिमबिबट्याला आधी बसवलेली उभ्या बाहुलीची जोडी चुकीची होती. कार्डावरचं चित्र माझं आहे, सही माझी आहे. फोटो मला दिले होते, ते मी पाहिले नाहीत. डोळे करणाऱ्याने मला आधीच सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. बर्फाचं कारण मी मनाने रचलं. तो दोष मी सगळ्यांसमोर माझ्या भावावर टाकला. आणि मग मी शेवटच्या ओळीवर आलो, त्यात त्याने तो माझ्यासाठी स्वतःवर घेतल्याचं लिहिलं होतं, ती वाचली आणि पाठ वळवली. संपलं, म्हणालो.

"एक राहिली," दादा म्हणाला. तो जागचा हलला नव्हता. "खालून दुसरी."

मी पुन्हा काचेकडे वळलो. अक्षरं करंगळीच्या नखाएवढी होती, आणि दादाने ती सहा पावलांवरून वाचली होती. सगळे थांबले होते.

"माझ्या भावाला नीट दिसत नाही, असं मी म्हणालो," मी वाचलं. "ते खोटं होतं."

"हां," दादा म्हणाला. मग तो पुढे आला, हिमबिबट्यासमोर गुडघ्यावर बसला आणि माझ्यासाठी शेजारी जागा ठेवून वाट बघत राहिला.